बनारसला पुन्हा जाताना: काय ठरवायचं आणि काय गल्लीवर सोडायचं

सारनाथच्या संग्रहालयाच्या बंद फाटकासमोर उभी राहून मी स्वतःला जे काही म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शुक्रवार होता आणि हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. अशोकाचे चार सिंह आत, मी बाहेर. बनारसची माझी ती तिसरी खेप. ‘आता काय ठरवायचंय, आपलंच गाव आहे’ अशा तोऱ्यात गेले होते.

दुसऱ्या खेपेला याच्या अगदी उलट केलं होतं. जानेवारीतले चार दिवस, प्रत्येक तासाला एक ठिकाण आणि रंगवलेला तक्ता. गाडीच धुक्यात सात तास अडकली, पहिला दिवस पुसला गेला आणि उरलेले तीन दिवस मी तो पहिला दिवस भरून काढत धावत होते. सूर्योदयाच्या नावेतून समोरचा काठही दिसला नाही, दिसली फक्त नाववाल्याची पाठ.

‘काशीस जावे नित्य वदावे’ म्हणतात. वदणं सोपं असतं आणि पहिल्यांदा जाणंही तसं सोपं, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याची यादी आधीच ठरलेली असते: विश्वनाथ, गंगा आरती, नाव, सारनाथ, साडी. खरी पंचाईत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला होते. आवडलेलं सगळं पुन्हा हवं असतं, राहिलेलं पाहायचं असतं आणि शिवाय काहीतरी अचानक सापडावं अशी आशाही असते. या तिन्ही गोष्टी चार दिवसांत कशा बसवायच्या, ते पाच खेपांच्या चुकांमधून थोडंफार जमलं आहे. तेच इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: आधी काहीतरी सोडा

काशीला गेलं की आवडीची एखादी भाजी किंवा फळ सोडून यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या आजीने कारलं सोडलं होतं. तिला ते मुळातच आवडत नव्हतं आणि आजोबा आयुष्यभर तिला त्यावरून चिडवत राहिले. पुन्हा जाणाऱ्याने ही रीत निघण्याआधीच पाळावी, आणि कारलं न सोडता आवडतीच गोष्ट सोडावी.

एक कोरा कागद घ्या, जुने फोटो उघडा आणि तीन याद्या करा. पहिली, जे पुन्हा केल्याशिवाय राहवणार नाही ते. यात तीनपेक्षा जास्त गोष्टी येऊ देऊ नका. माझ्या यादीत आहेत पहाटेचा केदार घाट, ठठेरी बाजारातली कचौडी आणि संध्याकाळी कुठल्याही घाटाच्या पायरीवर काही न करता बसणं. दुसरी यादी राहून गेलेल्या गोष्टींची. ती लांब होईल, होऊ द्या. तिसरी या खेपेला सोडायच्या गोष्टींची, आणि तिच्यावर खरा वेळ घालवा.

मी चौथ्या खेपेला दशाश्वमेध घाटावरची गंगा आरती सोडली. दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा गर्दीत दीड तास आधी जाऊन जागा धरली होती. ती सोडल्याबरोबर रोजची संध्याकाळ चार ते आठ मोकळी झाली. एका सोडण्याने चार दिवसांत सोळा तास मिळाले, यापेक्षा स्वस्त सौदा बनारसमध्ये होत नाही. तुम्ही आरतीच्या जागी आणखी काही सोडाल. मात्र ते वेळखाऊ असावं, नाहीतर सोडून उपयोग नाही.

दुसरी पायरी: तारीख पंचांग बघून धरा, आणि तेही त्यांचं पंचांग

हे शहर घड्याळापेक्षा तिथीवर चालतं. पुन्हा जाणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. पहिल्यांदा गेलात तेव्हा सुट्टी पाहून गेला असाल, आता तिथी पाहून जा. एक तिथी धरली की निम्मं नियोजन आपोआप होतं.

पण इथे मराठी माणूस हमखास फसतो. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्षात मात्र ते आपल्यापेक्षा एक महिना पुढे असतात. म्हणजे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी तिथे ‘सावन’ लागतो, तेव्हा आपल्या भिंतीवर आषाढ वद्य प्रतिपदा असते. ‘श्रावणातली गर्दी नको, आधीच जाऊन येऊ’ म्हणून आषाढ वद्यातलं तिकीट काढणारी मंडळी नेमकी सावनच्या पहिल्या सोमवारी विश्वनाथाच्या रांगेत, भगव्या कपड्यांतल्या कावडवाल्यांच्या मधोमध सापडतात. आमच्या ओळखीत असे तिघेजण आहेत.

आता कशासाठी कधी जावं. अनंत चतुर्दशीला आपल्याकडे गणपती पाण्यात जातात, त्याच दिवशी गंगेपलीकडे रामनगरची रामलीला सुरू होते आणि जवळपास महिनाभर चालते. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत, पेट्रोमॅक्स आणि मशालींचा उजेड. अयोध्या एका जागी, लंका दुसऱ्या जागी, आणि प्रेक्षकांनी प्रसंगामागे चालत जायचं. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांत आकाशदिवे लावतात. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुलसी घाटावर नागनथैया असते: छोटा कृष्ण कदंबाच्या फांदीवरून गंगेत उडी घेतो, सगळं मिळून काही मिनिटांचं काम, पण काठ आणि नावा माणसांनी भरलेल्या असतात. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याच घाटावर ध्रुपद मेळा होतो. चैत्र पौर्णिमेच्या हनुमान जयंतीनंतर संकटमोचन मंदिरात संगीत समारोह असतो. रात्र-रात्र गाणं चालतं आणि तिकीट नसतं.

देवदिवाळीबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. कार्तिक पौर्णिमेला सगळे घाट दिव्यांनी उजळतात, दृश्य विलक्षण असतं, पण खोल्यांचे भाव त्या आठवड्यात कितीतरी पट चढतात आणि घाटावर पाय ठेवायला जागा नसते. त्यापेक्षा चार-पाच दिवस आधी जा. आकाशदिवे मिळतात, हवा तीच, आणि नाववाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला मोकळा असतो.

डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी धुक्याचा. जायचंच असेल तर एक दिवस गाडीच्या नावाने बाजूला काढून ठेवा आणि त्या बदल्यात मलइयो खा. दुधाचा हा केशरी फेस फक्त थंडीत, सकाळच्या वेळात मिळतो, उन्हं चढली की संपतो. जुलै ते सप्टेंबर गंगा चढते, घाटांच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर काठाने जाता येत नाही, नावा बंद ठेवतात आणि आरतीही छतावर जाते. पहिल्यांदा जाणाऱ्याने या दिवसांत जाऊ नये. पण ज्याने घाट मनसोक्त पाहिले आहेत त्याने एकदा पुराच्या दिवसांत जावं, कारण मग पाय नाइलाजाने गल्ल्यांकडे वळतात. एप्रिल ते जून उन्हाचा कहर, फक्त लंगडा आंब्यासाठी जूनमध्ये जाणारी माणसं मला ठाऊक आहेत आणि त्यांना मी दोष देत नाही.

तिसरी पायरी: जाणं-येणं पक्कं, राहणं अर्धंच पक्कं

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच काढा. इथे उत्स्फूर्तपणा वगैरे काही नाही. मुंबई-पुण्याहून उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या गाड्या कशा भरतात ते सांगायला नको.

खोली मात्र पहिल्या दोन रात्रींचीच पक्की करा. सणाचे दिवस नसतील तर पुढची जागा तिथे पोचल्यावर मिळते आणि ती स्वतः बघून घेता येते. पुन्हा जाणाऱ्याला याचा दुहेरी फायदा आहे. पहिल्या दोन रात्री ओळखीच्या भागात राहून मन शांत होतं, मग उरलेल्या रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या खेपेला गोदौलियाजवळ राहिला असाल तर या वेळी दक्षिणेला अस्सी-भदैनीकडे किंवा उत्तरेला पंचगंगा-ब्रह्मा घाटाकडे बघा. घर बदललं की सकाळचा चहावाला बदलतो, परतीची वाट बदलते, आणि काही न ठरवता निम्मं शहर नवं होतं.

चाकांची बॅग मात्र नेऊ नका. जुन्या शहरात गाडी एका जागेपर्यंतच येते, पुढे दगडी गल्ली, पायऱ्या, शेण आणि अधूनमधून निवांत बसलेला नंदी. पाठीवरची पिशवी असेल तर मधल्या दिवशी जागा बदलणं जिवावर येत नाही, आणि ते जिवावर आलं की वरचा सगळा बेत फसतो.

चौथी पायरी: दिवसाला एक खुंटी

संपूर्ण मार्गदर्शनातली हीच खरी गोष्ट. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट ठेवायची. तिला मी खुंटी म्हणते. बाकीचा दिवस तिला सैल टांगलेला असतो.

खुंटी कशाला म्हणायचं? जी गोष्ट ठरावीक वेळेलाच होते, ठरावीक दिवशीच उघडी असते, जिला आगाऊ नोंदणी लागते किंवा जिला जायला-यायला अर्धा दिवस जातो, तीच खुंटी. विश्वनाथाची पहाटेची मंगला आरती खुंटी आहे, कारण तिची नोंदणी आधी करावी लागते आणि तुम्हाला मध्यरात्रीनंतर उठावं लागतं. सारनाथ खुंटी आहे: शहरापासून साधारण दहा किलोमीटर, आणि तो शुक्रवार. बनारस हिंदू विद्यापीठातलं भारत कला भवन हे संग्रहालय खुंटी आहे, ते रविवारी आणि विद्यापीठाच्या सुट्ट्यांना बंद असतं. रामनगर खुंटी. नाव ही अर्धी खुंटी, सूर्योदयाची असेल तर आदल्या संध्याकाळी घाटावर जाऊन नाववाल्याशी भाव, वेळ आणि कुठून कुठपर्यंत हे तिन्ही बोलून ठेवावं. पहाटे अंधारात घासाघीस करायला गेलात तर बोलणी होईपर्यंत सूर्य वर आलेला असतो.

आणि काय खुंटी नाही? खाणं. खाण्याच्या जागांची यादी हातात घेऊन फिरणं हा आजचा मोठा आजार आहे. एवढंच लक्षात ठेवा की कचौडी-भाजी आणि जिलबी सकाळची, मलइयो थंडीतल्या सकाळचा, टमाटर चाट संध्याकाळची, आणि पान केव्हाही. त्या त्या वेळी जिथे असाल तिथे जिथे गर्दी दिसेल तिथे उभं राहा. ठंडई घेताना ‘सादी’ हा शब्द मात्र स्पष्ट उच्चारा, नाहीतर भांगेमुळे तुमचा उरलेला दिवस फारच उत्स्फूर्त होईल.

खरेदीही खुंटी नाही, पण साडी घ्यायची असेल तर एक अट. रिक्षावाला किंवा घाटावर भेटलेला ‘भैया’ ज्या दुकानात नेतो तिथे घेऊ नका. त्याचा वाटा किमतीत मिळवलेला असतो. चौकाजवळच्या कुंज गलीत एक दुपार नुसती बघत घालवा, घेणं दुसऱ्या दिवशी.

खुंटी शक्यतो सकाळी ठोका. या शहरातल्या घड्याळाला बांधलेल्या बऱ्याच गोष्टी सकाळच्याच आहेत. घाट पूर्वाभिमुख, नदी इथे उत्तरेकडे वाहते, त्यामुळे पहिलं ऊन सरळ पायऱ्यांवर येतं आणि दुपारनंतर घाट सावलीत जातात. सकाळी एक काम झालं की मनातली ‘आज काहीच झालं नाही’ ही टोचणी संपते, आणि मग दुपार खरोखर मोकळी होते. उलट केलं, म्हणजे खुंटी संध्याकाळी ठेवली, तर दिवसभर डोळा घड्याळावर राहतो. रामनगरच्या रामलीलेला याला इलाज नाही. त्या दिवशी सकाळ झोपून काढावी.

पाचवी पायरी: मोकळा वेळ मोकळाच राहील याची तजवीज

मोकळा वेळ ठेवला की तो मोबाइल खातो. खोलीवर पडून ‘आता काय करूया’ म्हणत तासभर जातो आणि शेवटी माणूस पुन्हा दशाश्वमेधलाच जाऊन उभा राहतो. म्हणून भटकण्यालाही थोडी शिस्त लागते. माझे तीन नियम आहेत.

एक, सुरुवातीची जागा ठरवायची, शेवटची नाही. ‘आज दुपारी मैदागिनपासून सुरुवात’ एवढंच. तिथून चौक, चौखंबा, ठठेरी बाजार, पुढे कुठल्याही फाट्याने. नकाशा गल्ल्यांत बहुतेक वेळा चुकतो, दोन इमारतींच्या मधल्या चार फुटी वाटा त्याला कळत नाहीत. हरवलात तर कोणालाही ‘गंगाजी किधर?’ विचारा. हा प्रश्न इथे लहान पोरालाही कळतो. काठावर पोचलात की हरवणं संपतं, कारण अस्सी एका बाजूला आणि राजघाट दुसऱ्या बाजूला, मधे चौऱ्याऐंशी घाट एका ओळीत.

दोन, कुणी बोलावलं तर थांबायचं, कुणी ओढलं तर नाही. चहाच्या ‘अडी’वर, म्हणजे अड्ड्यावर, शेजारच्या बाकावरचा माणूस राजकारणावर तुमचं मत विचारतो, तेव्हा तासभर द्यायला हरकत नाही. मुंबई-पुण्याचा माणूस म्हटल्यावर तर गप्पा पावसापासून क्रिकेटपर्यंत जातात. पण मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाजवळ ‘चला, वरून दाखवतो’ म्हणत एखाद्या इमारतीत नेणारा आणि मग चितेच्या लाकडांसाठी दान मागणारा भेटला, तर हात जोडून पुढे व्हा. तिथे फोटोही काढू नका. गल्लीत मागून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं तर भिंतीला लागून उभं राहा, वाट त्यांची आहे.

तीन, अस्सी ते राजघाट हा पूर्ण काठ एका दमात चालू नका. न थांबता दोन-अडीच तासांत होतो, म्हणून लोक तो ‘करून टाकतात’. दक्षिणेचा अर्धा एका दिवशी, उत्तरेचा दुसऱ्या. उत्तरेकडचे घाट बहुतेकांचे राहूनच जातात, कारण मणिकर्णिकेपर्यंत आल्यावर मन भरतं आणि पाय परत फिरतात.

त्या राहिलेल्या अर्ध्यात आपलंच घर आहे

मराठी माणसाने दुसऱ्या खेपेला काय धरावं, असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून उत्तरेचे घाट सांगते. सिंधिया घाटापासून सुरुवात करा, तिथे मणिकर्णिकेच्या बाजूला रत्नेश्वर महादेवाचं कलतं देऊळ पाण्यात उभं आहे. पुढे नागपूरकरांचा भोसले घाट. मग बालाजी घाट, जिथल्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ शहनाईचा रियाज करायचे. मग पंचगंगा. तिथे अहिल्याबाई होळकरांचा दगडी हजारा दीपस्तंभ आहे आणि वर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळ. त्यापुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. या मोहल्ल्यात मराठी घराणी पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत.

मी पहिल्यांदा या गल्लीत शिरले तेव्हा एका दारातून ‘अगं, दूध उतू गेलं बघ’ असं ऐकू आलं आणि मी जागच्या जागी थांबले. आत कोण होतं ते बघितलं नाही, बघायला हवं होतं. पुढच्या खेपेला त्याच गल्लीत तीनदा हेलपाटे घातले, पण तो आवाज काही पुन्हा ऐकू आला नाही. अशी गोष्ट कुठल्याच तक्त्यात घालता येत नाही, आणि तीच मागून काढायला गेलं की हाती लागत नाही.

मागचा इतिहास थोडा वाचून गेलात तर मात्र हा भाग बोलायला लागतो. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं, हे आपण जाणतो. एकनाथ महाराजांनी भागवतावरची टीका १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला याच गावात पुरी केली. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट इथलेच. झाशीच्या राणीचा जन्म इथे, भदैनीत तिचं स्मारक आहे, अस्सीला राहिलात तर चालत जाण्याच्या अंतरावर. ही सगळी ठिकाणं एका दिवसात ‘मराठी काशी दर्शन’ म्हणून उरकायचा मोह होईल. उरकू नका, एका वेळी एकच घ्या.

सहावी पायरी: जे आवडलं होतं ते जागेवर नसेल

पुन्हा जाणाऱ्याच्या वाट्याला येणारं हे दुःख पहिल्यांदा जाणाऱ्याला ठाऊकच नसतं. विश्वनाथाच्या भोवतालच्या गल्ल्या ज्यांनी पूर्वी पाहिल्या आहेत त्यांना डिसेंबर २०२१ मध्ये खुला झालेला धाम, म्हणजे मंदिराभोवतीचं नवं प्रशस्त आवार, पाहून धक्का बसतो. आता ललिता घाटावरून पायऱ्या चढून सरळ मंदिराच्या आवारात जाता येतं. वृद्धांना ते सोयीचं आहे यात शंका नाही, आणि माझी ती अंधारी फुलवाल्यांची गल्ली गेली यातही नाही. विद्यापीठाजवळच्या लंका भागातली चाची की कचौडी आणि पहलवान लस्सी ही जुनी दुकानं जून २०२५ मध्ये रस्तारुंदीत पाडली गेली. विद्यापीठातल्या कितीतरी पिढ्या तिथे वाढल्या होत्या.

यासाठी साधी तजवीज: आवडत्या तीन गोष्टींपैकी एक पहिल्याच संध्याकाळी करून टाका. ती जागेवर असेल तर आनंदच. नसेल तर हळहळ पहिल्याच दिवशी होऊन जाते. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेली कचौडी शेवटच्या दिवशी मिळाली नाही की अख्ख्या प्रवासाची चव जाते. आणि निघण्याआधी जालावर ताजे फोटो बघून खात्री करावी का? जागा असल्याची खात्री करा, पण फोटो बघू नका.

सोबत कोण आहे यावर बरंच ठरतं

एकट्याने जात असाल तर ही पायरी गाळा. माझी चौथी खेप आत्यांबरोबर होती, म्हणजे यजमानांच्या आत्या, वय बहात्तर, आणि त्यांची ही पहिलीच काशी. त्यांना विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, गंगापूजन, सगळं रीतसर हवं होतं. मला घाटावर बसायचं होतं. पहिले दोन दिवस मी कुढत होते, तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “तू जा गं तुझ्या गल्ल्यांत, मी इथे पायरीवर बसते, चार बायका आहेत गप्पांना.” मग सरळ वाटणी केली: सकाळ त्यांची, दुपारनंतरचे तीन तास माझे, रात्रीचं जेवण एकत्र.

पहिल्यांदा येणारा सोबत असेल तर ही वाटणी निघण्याआधीच बोलून घ्या. त्याची पहिली भेट तुमच्या तिसऱ्या भेटीच्या तालावर होऊ शकत नाही. दर्शनाच्या सकाळी मोबाइल, कॅमेरा, पिशव्या आत नेता येत नाहीत, त्यामुळे लॉकर आणि रांग मिळून वेळ नेहमी अंदाजापेक्षा जास्त जातो. त्या दिवशी दुसरी खुंटी ठेवूच नका. चुकामूक झाली तर भेटायची जागाही आधी ठरवा, कारण फोन लॉकरमध्ये असतो. आम्ही ती न ठरवल्यामुळे पाऊण तास एकमेकांना शोधत होतो, आणि आत्या त्या वेळात शांतपणे एका दुकानात बसून लस्सी पीत होत्या.

चार दिवस असतील तर

मी साधारण असं मांडते. पहिला दिवस पोचण्याचा, त्यात फक्त एक आवडती गोष्ट, तीही संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाची नाव, मग कचौडी, झोप, आणि चारनंतर दक्षिणेचे घाट पायी. तिसऱ्या दिवशी सकाळीच जागा बदलायची आणि सामान टाकून अर्ध्या दिवसाची मोठी खुंटी, सारनाथ किंवा रामनगर. शुक्रवार कुठे येतो ते पाहून दुसरा-तिसरा दिवस उलटसुलट करा. चौथा दिवस पूर्ण रिकामा. त्याच्यावर काहीही लिहू नका. धुकं, पाऊस, कुण्या बड्या पाहुण्याचा बंदोबस्त, बिघडलेलं पोट, यातलं काहीतरी आधीच्या तीन दिवसांपैकी एक खाणारच, आणि हा चौथा दिवस तेव्हा कामी येतो. सगळं सुरळीत पार पडलं, तर उत्तरेचे घाट त्या दिवशी.

खिशात सुटे पैसे ठेवा, नाववाला आणि पानवाला दोघांनाही मोबाइलवर पैसे चालतात, पण गल्लीत रेंज जाते. पाण्याची बाटली, साधी चप्पल जी देवळाबाहेर काढून ठेवताना जीव गुंतणार नाही, आणि एक छोटी वही. राहून गेलेल्या गोष्टींची यादी त्याच वहीत, कारण ती तिथेच वाढते.

घरी मावंदं घालायचं असेल आणि गंगा न्यायची असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. बनारसची जुनी माणसं सांगतात की काशीतून गंगाजल नेऊ नये, प्रयागहून न्यावं. आत्यांनी हे ऐकलं आणि तांब्याची लोटी रिकामीच पिशवीत ठेवली. परतीच्या वाटेवर आम्हाला प्रयागला एक दिवस थांबावं लागलं, जो कुठल्याच बेतात नव्हता.

आणि निघताना तिकिटावरचं स्टेशनचं नाव पुन्हा एकदा वाचा. वाराणसी जंक्शन म्हणजे कँट वेगळं, बनारस म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह वेगळं, आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणजे आपलं जुनं मुगलसराय, ते तर गंगेपलीकडे. घाटावरून तिकडे जायला दीड तास हाताशी ठेवा. पुलावर गाड्या अडतात, आणि रिक्षावाल्याला तेव्हाच पान घ्यायची आठवण होते.